तेवीस घरांची भाकर

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन असतं. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी ऊन कललं की धुरपदाबाई पितळी डबा कमरेवर घेऊन बाहेर पडतात. डोक्यावरून पदर, पायांत प्लास्टिकच्या चपला, आणि उजव्या गुडघ्यामुळं जरा तिरकी चाल. प्रत्येक दारात थांबून एवढंच म्हणतात, "मूठ घाला." घरातलं कुणीतरी येतं, पिठाची एक मूठ डब्यात सोडतं आणि झाकण लागतं. नवख्या माणसाला वाटतं, तुळजापूरची आराधीण जोगवा मागत निघाली. एकदा एका ट्रॅक्टरवाल्यानं तसंच समजून गाडी थांबवून हात जोडले होते. धुरपदाबाईंनीही जोडले. "त्येचा नमस्कार कशाला वाया घालवा," म्हणाल्या.

जळकोट आणि अणदूरच्या मधे, हमरस्त्यापासून थोडं आत, ओढ्याच्या काठानं आमची वस्ती आहे. गाव शेतकऱ्यांचं आणि धनगरांचं, त्यात आमची ख्रिस्ती घरं तेवीस. त्या तेवीस मुठींची एकच जाड भाकर धुरपदाबाई रविवारी पहाटे चुलीवर भाजतात. कुणाच्या घरची ज्वारी, कुणाचा गहू, कुणाची बाजरी. ज्याच्या घरी जे असेल ते. त्यामुळं भाकरीचा रंग दर महिन्याला वेगळा. उपासनेत पाळकसाहेब ती मोडतात आणि मंडळीचा वडील ताट घेऊन प्रत्येकाला तुकडा देत फिरतो. वडील म्हणजे वयानं मोठा असं नाही, मंडळीनं निवडलेला जबाबदार माणूस. आमच्याकडं हे काम धुरपदाबाईंचा धाकटा दीर दगडोबा करतो.

ही नावं ऐकून पाहुणे चमकतात. आमच्यात जुन्या माणसांनी बाप्तिस्मा घेताना नावं बदलली नाहीत. "डोकं पाण्याखाली गेलं, नाव कोरडं ऱ्हायलं," असं सिताबाई म्हणायच्या.

सिताबाई म्हणजे धुरपदाबाईंच्या सासूबाई. मुठीची रीत त्यांची. बहात्तरच्या दुष्काळात कुठल्याच घरी अख्ख्या भाकरीचं पीठ नव्हतं, म्हणून पाळक म्हणाले, प्रभुभोजन पाऊस पडेपर्यंत थांबवू. सिताबाईंनी ऐकलं नाही. डबा घेऊन त्या घरोघर गेल्या. रेशनवरच्या मिलो ज्वारीचं तांबडं पीठ, कुठं नाचणी, एका घरी तर नुसता कोंडा होता. भाकर झाली ती दगडासारखी काळी झाली, पण झाली. पुढं सुकाळ आला तरी रीत राहिली. सुनेच्या हातात डबा देताना सिताबाईंनी एकच अट सांगितली होती: एक घर जरी सुटलं तर ती प्रभूची भाकर नव्हे, आपल्या चुलीवरची भाकर. ती जेवायला चालेल, प्रभूच्या मेजावर चालायची नाही.

धुरपदाबाईंनी तो डबा एकतीस वर्षं फिरवला. नवरा गेला त्या महिन्यातही. मुलगी हर्षाली सोलापूरला नर्स झाली, तिच्या लग्नाच्या आठवड्यातही. मी तमाशाच्या फडात चाळीस वर्षं काढून, घसा आणि गुडघे तिथंच ठेवून परत आलो, तेव्हा मंडळीतली निम्मी माणसं माझ्याकडं बघून रस्ता बदलत होती. बाप मिशनच्या शाळेत मास्तर आणि पोरगा वगात सोंगाड्या, हे त्यांना पचत नव्हतं, जरी पुढं बापाचं मास्तर हे नाव मलाच चिकटलं. त्या पहिल्याच शनिवारी धुरपदाबाई माझ्या दारात आल्या. माझ्या घरी पीठ नव्हतं. त्यांनी शेजारून आणायला लावलं, माझ्या हातानं डब्यात टाकायला लावलं आणि निघून गेल्या. स्वागताचं एक अक्षर बोलल्या नाहीत. नाटकात असा प्रवेश मी लिहून घेतला असता तर त्यात दोन पानांचं भाषण घातलं असतं.

यंदाच्या सप्टेंबरातल्या पावसाचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी तो अंगावर घेतला त्यांना सांगायला नको, इतरांना सांगून कळायचा नाही. ओढा फुगला, घरांत गुडघाभर पाणी आलं, आणि शेतांचं जे झालं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. दगडोबाचं आणि धुरपदाबाईंचं शेत एकाच बांधाच्या दोन अंगांना आहे. वरचं रान दगडोबाचं, खालचं धुरपदाबाईंचं. वरच्या रानात तुंबलेलं पाणी बांधातून खाली उतरलं आणि धुरपदाबाईंच्या दोन एकरांतली माती उभ्या तुरीसकट खरडून घेऊन गेलं. खाली पांढरा मुरूम उघडा पडला. विहीर गाळानं काठोकाठ भरली. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा दगडोबानं सगळ्यांसमोर सांगितलं, "बांध फुटला." धुरपदाबाई शेजारीच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत.

त्यानंतरचा पहिला रविवार ऑक्टोबरातला. प्रार्थनाघराच्या भिंतींना अजून ओल होती. भाकर नेहमीसारखी आली, पाळकसाहेबांनी मोडली, दगडोबानं ताट फिरवलं. तेव्हा मला एक गोष्ट दिसली, जी कदाचित दुसऱ्या कुणाला दिसली नसती. मी कनातीत राजाच्या पंगतीला बसून रंगवलेले मातीचे लाडू हजारो वेळा खाल्ले आहेत. हात तोंडाशी जातो, जबडा हलतो, चेहऱ्यावर तृप्ती येते. फक्त घसा हलत नाही. त्या दिवशी धुरपदाबाईंचा घसा हलला नाही. तुकडा त्यांच्या पदरात गेला. मी नजर काढून घेतली, ती दगडोबावर पडली. तो सगळ्यांना वाटून झाल्यावर भिंतीकडं वळला होता. त्यानंही तोंड हलवलं, आणि हात सदऱ्याच्या खिशात घातला.

सोमवारी मी धुरपदाबाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात ओली भांडी उन्हाला मांडत होत्या.

"काल भाकर खाल्ली नाहीत," मी म्हणालो.

"दात दुखत व्हता, मास्तर."

"कोणता?"

"समदेच."

मी पायरीवर बसलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि हा माणूस आता उठत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"उपदेश करायला आलाव का?"

"चहा प्यायला आलोय."

"दूध न्हाय."

"मग कोरा."

चहा झाला, आणि चहाबरोबर सगळं बाहेर आलं. शनिवारी त्यांनी एकवीस दारं केली. बाविसावं दार दगडोबाचं. तो हातात पिठाची वाटी घेऊन उंबऱ्यात उभा होता. "पाय फुडं जाईना, मास्तर. मान खाली घातली अन् तशीच निघाले. घरी येऊन माझी मूठ टाकली, अन् त्येच्यावर आणखी एक टाकली. भावजींच्या नावाची. माझ्याच गव्हाची."

"का पण?"

"बांध फुटला न्हाय. फोडलाय."

मी कप खाली ठेवला. त्याच पुढं बोलत राहिल्या. "पाण्यानं फुटलेला बांध वरनं ढासळत येतो, कडा वाकड्यातिकड्या ऱ्हात्यात. ह्येची कड उभी हाय, सरळ. फावड्यानं मारल्यावाणी. म्या काय शहरातनं आले व्हय? त्येंची सोयाबीनची बनीम रानात व्हती. ती वाचावी म्हणून माझ्या रानात पाणी सोडलं." कापलेल्या सोयाबीनच्या ढिगाला आमच्याकडं बनीम म्हणतात. ती वाचलीही नाही. दुसऱ्या दिवशी ओढ्याचं पाणी मागून आलं आणि घेऊन गेलं.

"पंचनाम्याला का नाही सांगितलं?"

"सांगून माती वर येती का?" त्या कप विसळत होत्या, त्यांचा हात थांबला. "रान गेलं, त्येचं रडून झालं. पर मंडळीला खोटी भाकर म्या चारली. पोराबाळांनी, म्हाताऱ्यांनी डोळे मिटून खाल्ली. त्यांनी बांध फोडला, म्या हे फोडलं. आता त्येंच्या दारात गेले न्हाय तर भाकर खोटी, अन् जायचं म्हणलं तर पाय उचलत न्हाय. सांगा, काय करू?"

मला उत्तर माहीत होतं, तुम्हालाही आहे, त्यांना तर आम्हा दोघांपेक्षा जास्त. म्हणून मी सांगितलं नाही.

नोव्हेंबरात त्यांनी पाळकसाहेबांना निरोप पाठवला, हात दुखतात, ह्या खेपेला भाकर होणार नाही. आमचे पाळक उत्कर्ष तिशीच्या आतले, उत्साही, मोटारसायकलवर चार गावं सांभाळणारे. ते म्हणाले काळजी करू नका, मी पाव आणतो. रविवारी सकाळी बेकरीत साधा पाव संपला होता. त्यांना मिळाला तो गोड पाव, आत लाल-हिरवे तुकडे असलेला. मेजावरचं पांढरं फडकं बाजूला झालं तेव्हा मंडळीत कुणी हललं नाही. पुढच्या रांगेत सिद्धम्मा बसल्या होत्या, वय नव्वदीच्या घरात, कान गेलेले आणि तोंड शाबूत. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाळकसाहेब, आज कुणाचा वाढदिवस हाय?"

हसू आलं, पण ते लगेच विरलं. लोकांनी तुकडा खाल्ला आणि एकमेकांकडं बघितलं. पावसानं घरातली भांडीकुंडी नेली होती, एका घरची गाय नेली होती. तरी त्या दिवशी प्रार्थनाघरात जे नसल्याचं जाणवलं ते एका पितळी डब्याचं.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब धुरपदाबाईंजवळ गेले. मी बाकावरच होतो.

"आज्जी, हात कसे आहेत?"

"हात चांगलेत. खोटं सांगितलं. एका दारात पाय जात न्हाय."

कुणाचं दार, हे पाळकसाहेबांनी विचारलं नाही. वयाच्या मानानं शहाणा माणूस. म्हणाले, "डबा माझ्याकडं देता का? डिसेंबरात मी फिरतो. तुमच्यावर ओझं नको."

"देते," धुरपदाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "डिसेंबर येऊ द्या, मग देते."

डबा दिला की सुटका होती, आणि एकतीस वर्षांचं सगळं त्याच्याबरोबर जाणार होतं. दोन्ही त्यांना कळत होतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी त्यांनी मला शेतावर बोलावलं. निरोप असा होता की मास्तरांनी येऊन बिरूला समजावावं. बिरू अणदूरकडचा धनगर. दीडशे मेंढरं घेऊन हिवाळ्यात आमच्या रानांत उतरतो. मेंढरं रानात बसवली की लेंडीचं खत पडतं, म्हणून शेतकरी त्याला ज्वारी देऊन बोलावतात आणि त्यासाठी नंबर लागतात. गेलो तर बघतो, धुरपदाबाईंच्या त्या उघड्या मुरमावर बिरूनं वाघूर लावलं होतं, म्हणजे जाळीचं कुंपण, आणि आत मेंढरं दाटीनं बसलेली. बिरू काठीला टेकून उभा. त्याच्यासमोर धुरपदाबाई, काखेत एक तांबडी कोंबडी.

"मास्तर, ह्येला सांगा," धुरपदाबाई म्हणाल्या. "तीन दिवस झाले मेंढरं बसवतोय. बोलावलं न्हाय, इचारलं न्हाय. माझ्यापाशी औंदा ज्वारी न्हाय. म्हणलं कोंबडी तरी घे, तर घेईना."

"मास्तर, मावशीला सांगा," बिरू म्हणाला, "मेंढरं कुठंतरी बसायचीच. हितं बसली."

"कुठंतरी बसायची तर ज्वारीवाल्याच्या रानात बसव की."

"तिथं माती हाय. हितं न्हाय. येता-जाता नजर पडती, बघवत न्हाय. म्हणून बसवली."

"मग कोंबडी घे."

"कोंबडी घेतली तर बायको म्हणंल, दीडशे मेंढरं एका कोंबडीवर उतरली. घरात इज्जत ऱ्हायची न्हाय माझी." मग तो मला म्हणाला, "तुमी तमाशातले, तुमी तरी तोड काढा."

मी दोघांकडं बघितलं. "बिरू, किती दिवस बसवणार?"

"आणखी दोन."

"मग दोन दिवसांनी तू मेंढरं घेऊन पुढं जाशील आणि ही कोंबडी तिच्या घरी अंडं घालेल. भांडण मिटलं."

बिरू हसला आणि मेंढरांकडं निघून गेला. धुरपदाबाई कोंबडी खाली सोडून दगडावर बसल्या. चेहरा रागानं लाल.

"फुकट घ्यायला लई जड जातंय, मास्तर."

"इतकी वर्षं देवाकडून फुकटच घेताय की."

"त्यो दिसत न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो समोर हुभा हाय, दात काढतोय."

मी हसलो, त्या हसल्या नाहीत. मेंढरांच्या पायांखालचा मुरूम त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याशी की स्वतःशी, सांगता येणार नाही, अशा आवाजात बोलू लागल्या. "म्या भावजींसाठी तीन गोष्टी ठरवून ठेवल्या व्हत्या. त्यांनी आधी कबूल करावं. मग माझ्या दारात यावं. मग बांध घालून द्यावा. तवा म्या बघंन म्हणलं, मूठ घ्यायची का न्हाय." बिरूकडं हात करून म्हणाल्या, "ह्यानं मला एक तरी अट घातली का? माझ्या देवाचं नाव बी घेत न्हाय त्यो. खंडोबाचा माणूस. अन् मला माझा देव त्यानं दाखवला. लाज वाटायची का न्हाय वाटायची?"

"वाटायची," मी म्हणालो.

"मग वाटतीय," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

मी धर्माचा पंडित नाही. रात्री तोंडाला रंग लावून दुपारी झोपणाऱ्या माणसाला प्रवचनं फारशी ऐकायला मिळाली नाहीत. पण कृपा ह्या शब्दाचा अर्थ मला विचाराल तर मी त्या मुरमाच्या रानाकडं बोट दाखवीन. कृपेला कारण लागत नाही. दगडोबापाशी बांध फोडण्याचं चांगलं कारण असतं, घरात बाळंतीण असती, गोठ्यात जनावर बुडत असतं, तर त्याला समजून घेणं सोपं होतं. त्याच्यापाशी कारण नव्हतं. ढीग वाचवायचा होता, एवढंच. अशा माणसाला जे मिळतं त्यालाच कृपा म्हणायचं. इतरांना मिळतो तो न्याय.

डिसेंबरातला पहिला शनिवार उजाडला. दुपारी धुरपदाबाई माझ्या दारात डबा घेऊन हजर. मी मूठ घातली. त्या हलल्या नाहीत.

"चपला घाला. संगं या. एकटी गेले तर मागं फिरंन."

माझं धरून आम्ही एकवीस दारं केली. लोकांना आधी कळेना, मग कळलं. बायका पीठ घालताना डब्याला हात लावून घेत होत्या. एका घरी सगळं धान्य पावसात भिजून वाया गेलेलं. त्यांनी रेशनचे गहू पाट्यावर रगडून ठेवले होते, भरडच, पण ठेवले होते. अजून बोलावणंही आलं नव्हतं तेव्हा ठेवलेले.

दगडोबाचं दार उघडं होतं. त्याची सून शिवकन्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. ती घाईनं उठली. "मामा, आत्याबाई आल्यात."

दगडोबा बाहेर आला. ह्या वेळी हातात वाटी नव्हती. दोन महिन्यांत त्यानं आशा सोडली असावी.

"मूठ घाला," धुरपदाबाई म्हणाल्या.

तो उभाच राहिला. मग म्हणाला, "वैनी, बांध फुटला न्हवता."

"ठावं हाय."

"म्या फोडला."

"ते बी ठावं हाय. पीठ आणा."

"कवापास्नं ठावं हाय?"

"दुसऱ्या दिवसापास्नं. फावड्याचे घाव डाव्या हाताचे व्हते. गावात डावरे तुमी एकटे."

दगडोबा पायरीवर बसला. बासष्ट वर्षांचा थोराड माणूस, पण त्या वेळी शाळेतल्या पोरासारखा गुडघे जवळ घेऊन बसला. "मग पंचनाम्याला बोलला का न्हाय? शेजारीच व्हत्या की तुमी. म्या फुटला म्हणालो अन् वाट बघत व्हतो, आता बोलतील, आता बोलतील."

"रागानं बोलले न्हाय," धुरपदाबाई म्हणाल्या. "लोकांम्होरं बोलले असते तर राग संपला असता. मला त्यो पुरवून पुरवून वापरायचा व्हता. चांगुलपणा समजू नका." त्यांनी डबा दुसऱ्या कमरेवर घेतला. "आता माझं ऐका. ऑक्टोबरात तुमच्या नावाची मूठ म्या घातली, माझ्या घरची. समद्यांना फसवलं. पाळकसाहेबांना सकाळी सांगून आले. आता तुमाला सांगतीय. मला बी माफ करायचं असंल तर करा."

"मला ठावं व्हतं," दगडोबा म्हणाला. "तुमी दारावरनं गेलात अन् दुसऱ्या दिवशी भाकर आली. म्या काय खुळा हाय? म्हणून तर तुकडा खाल्ला न्हाय. खिशात टाकला अन् बैलाला घातला."

"प्रभूची भाकर बैलाला घातली?"

"प्रभूची कुठं? तुमीच म्हणताय खोटी व्हती."

पहिल्यांदा शिवकन्या हसली. तोंडाला पदर लावून, मान वळवून, पण खांदे हलत होते. मग मला आवरेना. धुरपदाबाईंनी आमच्याकडं रागानं बघितलं, आणि त्यांच्याही ओठांचे कोपरे हलले.

दगडोबाचे डोळे मात्र भरले होते. "वैनी, आधी बांध घालून देतो. मग मूठ घ्या. तसं रीतीला धरून व्हईल."

"आधी मूठ."

"माझ्या मनाला बरं वाटंल..."

"तुमच्या मनाचं नंतर बघू. बांध घाला, नका घालू. घातला न्हाय तरी फुडल्या महिन्यात म्या ह्याच दारात येणार हाय, अन् त्येच्या फुडल्या बी. पीठ आणा, अंधार पडायच्या आत घरी जायचंय, गुडघा दुखतोय."

तो आत गेला आणि दोन्ही हातांची ओंजळ भरून घेऊन आला. पीठ बोटांतून सांडत होतं. धुरपदाबाईंनी डब्यावर हात आडवा धरला.

"मूठ म्हणलंय, ओंजळ न्हाय. तेवीस घरांची भाकर हाय, तुमच्या एकट्याची न्हाय."

त्यानं निम्मं पीठ शिवकन्येच्या हातात दिलं आणि एक मूठ डब्यात सोडली. झाकण लागलं. मग धुरपदाबाई त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि शिवकन्येला म्हणाल्या, "चहा ठेव गं. गूळ घाल. मास्तरांना दूध लागतं, त्येंचे लाड आपल्याच्यानं व्हत न्हायत, पर आज घाल."

रविवारी भाकर आली. जाड, करड्या रंगाची, भरड गव्हामुळं मधेमधे खरखरीत. पाळकसाहेबांनी ती मोडायच्या आधी धुरपदाबाई उभ्या राहिल्या आणि ऑक्टोबरातल्या मुठीचं सांगितलं. मूठ कुणाच्या नावची, ते सांगितलं नाही. त्या बसतात न बसतात तोच दगडोबा ताट हातात धरून बोलू लागला, आणि त्यानं सगळं सांगितलं, बनीमसकट, बैलासकट. त्याला शेवट सापडेना. तेच तेच परत सांगू लागला. मग सिद्धम्मांचा आवाज आला, "दोघांचं झालं असंल तर वाढा की. भाकर गार व्हायलीय."

त्या दिवशी मी कुणाच्याच घशाकडं बघितलं नाही. स्वतःच्या तुकड्याकडं लक्ष होतं.

बांधाचं काम त्याच आठवड्यात निघालं. दगडोबा सकाळी दोरी आणि खुंट्या घेऊन आला आणि त्यानं नवा बांध जुन्या जागेवर न आखता हातभर स्वतःच्या रानात आखला, म्हणजे तेवढी जमीन धुरपदाबाईंच्या वाट्याला यावी. धुरपदाबाई आल्या, त्यांनी दोरी बघितली, खुंट्या उपटल्या आणि जुन्या जागी ठोकल्या. दगडोबानं त्या पुन्हा हलवल्या. त्यांनी पुन्हा. वस्तीत आजवर हातभर जमिनीवरून भांडणं पुष्कळ झाली आहेत, पण ती घेण्यासाठी. नको म्हणून भांडणारी ही पहिलीच. बिरू मेंढरं घेऊन खोळंबला होता, कारण त्याला तिथूनच ओढ्याकडं जायचं होतं, आणि तो दोघांनाही आळीपाळीनं शिव्या घालत होता. दुपार झाली तरी दोरी एका जागी थांबेना. शेवटी पाळकसाहेब आले, त्यांनी मोटारसायकल बांधाशी लावली, दोरीचं एक टोक बिरूच्या हातात दिलं, दुसरं माझ्या, आणि बांध आम्ही आखतो म्हणत भांडणाऱ्या दोघांना जेवायला घरी पाठवून दिलं.